घाईतलं गिऱ्हाईक

आमच्या दुकानाच्या पाटीवर 'केशकर्तनालय' असं लिहिलेलं आहे, पण तो शब्द पाटी रंगवणाऱ्याखेरीज कोणी तोंडातून काढल्याचं मला आठवत नाही. सगळे त्याला कात्रीमास्तरांचं दुकान म्हणतात. कात्रीमास्तर म्हणजे माझे सासरे.

मास्तरांची एक पद्धत होती. केस कापून झाले की ते गिऱ्हाइकाच्या मानेमागची गाठ सोडायचे, कापड हातात घेऊन दोन पावलं मागे सरकायचे आणि ते एकदाच झटकायचे. फट्. मग म्हणायचे, "चला, पुढचे." एखादं नवखं गिऱ्हाईक त्याआधीच खुर्चीतून उठायला लागलं तर बाकावरची जुनी मंडळी त्याला सांगायची, "बसा हो, अजून संपलं नाही." कापड झटकल्याशिवाय आपलं डोकं पूर्ण झालं असं कोणाला वाटायचंच नाही.

तो फट् एका रेकॉर्डवरही आहे, आणि तो तिथं चुकून आला.

मी लग्न होऊन आले तेव्हा दुकानात आरशाशेजारच्या फळीवर, तेलाच्या आणि पावडरच्या डब्यांच्या मधे, एक रेकॉर्डप्लेअर होता. सासूबाई मी यायच्या आधीच गेल्या होत्या. घरात सासरे, आमचे हे आणि मी. घर दुकानाच्या मागच्या अंगाला, मधे एकच भिंत, त्यामुळे दिवसभर दुकानात जे वाजायचं ते स्वयंपाकघरातही वाजायचं. आणि वाजायचं काय, तर रेडिओच्या हलक्याफुलक्या वाद्यवृंदाच्या चाली. गाणं नाही, शब्द नाहीत. वीस-पंचवीस माणसं काळे कोट घालून, चेहरे गंभीर करून बसायची आणि किटलीला उकळी आल्याचं वाजवायची. दुसऱ्या एका चालीत हमाल जिन्यावरून पियानो वर चढवताहेत आणि तो पायरी-पायरीनं खाली येतोय. तिसरीत सगळ्या वाद्यवृंदाला शिंक येऊ पाहते आणि शेवटपर्यंत येत नाही.

मला त्याचा राग यायचा. माझा राग तसाही नाकाच्या शेंड्यावर असतो, पण याचा जरा जास्तच यायचा. शहाण्यासुरत्या माणसांनी पोरखेळ करायचा आणि त्याला पगार घ्यायचा म्हणजे काय, असं मी एकदा बोलूनही दाखवलं. सासरे हातातलं काम न थांबवता म्हणाले, "किटलीच्या चालीतला बासरीवाला आपलं गिऱ्हाईक होता. आठवडाभर घरी किटल्या उकळत बसला होता तो. बायको म्हणाली, चहा तरी टाका त्यात." त्यानंतर मी ती चाल ऐकली तेव्हा मला किटली दिसली, आणि चिडलेली बायकोही दिसली. 

त्यांच्या स्वतःच्या रेकॉर्डचं नाव होतं 'घाईतलं गिऱ्हाईक'. वाद्यवृंदाचे संचालक केस कापायला यायचे. सासऱ्यांची कात्री अशी की केसांना लागायच्या आधीही हवेत चालू आणि लागून गेल्यावरही चालू. कंगवा केस उचलत असतो तेवढ्या वेळातही ती थांबत नाही, म्हणजे हाताची लय तुटत नाही. संचालक डोळे मिटून ते ऐकत बसायचे. एक दिवस त्यांनी कात्रीवर आख्खी चाल बांधून आणली. एक माणूस घाईघाईनं केस कापायला येतो, सारखं घड्याळ बघतो, खुर्चीत चुळबुळ करतो, आणि कात्री मात्र आपल्या चालीनंच चालते, अशी.

रेकॉर्डिंगला सासऱ्यांना नवा कोट शिवला होता. उभे राहिले, हातात कात्री घेतली आणि हात चालेना. हवेत नुसती कात्री चालवा म्हटलं की त्यांची बोटं आखडायची. संचालक घामाघूम झाले. शेवटी सासरेच भीत भीत म्हणाले, "साहेब, खाली डोकं पाहिजे." त्या चालीत क्लॅरिनेटला काम नव्हतं. मग क्लॅरिनेटवाल्या तरुणाला खुर्चीत बसवलं, गळ्यात कापड बांधलं, आणि कात्री अशी सुटली की व्हायोलिनवालेही वळून बघायला लागले. पहिल्या खेपेला ट्रॉम्बोनवाल्याला हसू आलं. दुसऱ्या खेपेला कोणाची तरी खुर्ची करकरली. दर खेपेला पहिल्यापासून, आणि दर खेपेला क्लॅरिनेटवाल्याचे केस कमी. तिसऱ्या खेपेला सगळं जमून आलं, आणि शेवटच्या सुराआधी जी क्षणभर शांतता होती, तिच्यात सासऱ्यांनी सवयीनं गाठ सोडली, दोन पावलं मागे सरकले आणि कापड झटकलं. फट्.

पुढचा शब्दही तोंडापर्यंत आला होता. संचालकांनी डोळे वटारून ओठांवर बोट ठेवलं म्हणून तो आतच राहिला. मग शेवटचा सूर वाजला आणि संचालक त्यांची बिनपाण्यानं करायला निघाले. पण क्लॅरिनेटवाला हात जोडून म्हणाला, "साहेब, आता माझ्या डोक्यावर चौथ्या खेपेपुरते केस नाहीत." म्हणून तीच रेकॉर्ड निघाली. लोकांना तिच्यातलं सगळ्यात जास्त काय आवडलं असेल, तर तो फट्. आमच्या दुकानातली रेकॉर्ड इतकी झिजली की शेवटी नुसती खरखर ऐकू यायची, तेव्हा ती जागा आली की बाकावरची माणसं मांडीवर थाप मारून ती भरून काढायची. मास्तर आरशात बघत हसायचे.

आमच्या ह्यांच्या हातात कात्री कधी बसली नाही. ते बसच्या डेपोत लागले. ते या संगीताला 'टुणटुण' म्हणायचे आणि अजूनही म्हणतात. दुकान बंद पडणार अशी लक्षणं दिसत असताना एके दुपारी सासऱ्यांनी मला ब्लाऊजचं कापड कापताना पाहिलं. थोडा वेळ बघत उभे राहिले आणि म्हणाले, "तुझा अंगठा चांगला आहे." एवढंच. दुसऱ्या दिवसापासून मी दुकानात. कात्रीचं एक पातं स्थिर ठेवायचं आणि दुसरं फक्त अंगठ्यानं चालवायचं, हे त्यांनी मला त्या रेकॉर्डवर शिकवलं. रेकॉर्ड लावायचे आणि म्हणायचे, "तिच्या बरोबरीनं चाल. मागे राहू नकोस, पुढे पळू नकोस." बाईमाणूस केस कापते म्हणून सुरुवातीला काही गिऱ्हाइकं बिचकली. मास्तर त्यांना म्हणाले, "डोळे मिटून बसा आणि कोण कापतंय ते सांगा." त्यांना सांगता आलं नाही, आणि मग ती यायची थांबली नाहीत.

बरीच वर्षं आम्ही दोघं दोन खुर्च्यांवर शेजारी शेजारी उभे होतो. मग त्यांच्या उजव्या हाताला कंप सुटला. आधी चहाच्या कपाला कळला, नंतर आम्हाला. डॉक्टर म्हणाले, वयाचं आहे, गोळ्यांनी कमी होईल पण जाणार नाही. तरी ते कापत राहिले, आणि एक दिवस एका जुन्या गिऱ्हाइकाच्या कानाच्या पाळीला कात्री लागली. थेंबभर रक्त. तो भला माणूस म्हणाला, "मास्तर, दाढी करताना रोज मीच माझं याच्यापेक्षा जास्त कापून घेतो." सासऱ्यांनी तुरटी लावली, केस पूर्ण केले, कापड झटकलं. "चला, पुढचे" मात्र म्हणाले नाहीत. कात्री पुसून, तेल लावून पेटीत ठेवली आणि मागच्या दारानं घरात गेले. त्यानंतर त्यांनी दुकानात पाऊल टाकलं नाही.

घरात ते भिंतीला टेकून बसायचे. पेपर आणला तर घडी तशीच. मी एकदा रेकॉर्ड लावली तर आतून आवाज आला, "बंद कर गं ते." मग प्लेअरवर धूळ बसली. 'चला, पुढचे' मीच म्हणायला लागले, पण माझ्या तोंडी ते दटावल्यासारखं यायचं. गिऱ्हाइकं घाबरून खुर्चीत येऊन बसायची.

मला ते दुकानात परत यायला हवे होते. कात्री धरू नका, बाकावर बसा, गिऱ्हाइकांशी गप्पा मारा, पण या. एक माणूस माझ्यापासून एका भिंतीच्या अंतरावर विझत चालला होता आणि मला काही करता येत नव्हतं. मी समजावलं, रागावले, दोन दिवस अबोलाही धरला. ते म्हणायचे, "दुकानात रिकाम्या हाताचा माणूस अडचणच असतो."

क्लॅरिनेटवाले काका दर महिन्याला यायचे. त्यांच्या डोक्यावर आता एक केस नाही, पण खुर्चीत बसायची सवय सुटत नव्हती. त्या दिवशी दाढी करून घेतली, चेहऱ्याला क्रीम लावून घेतलं, तरी उठेनात. मी म्हटलं, "काका, ताकाला आला असाल तर भांडं लपवू नका."

तेव्हा त्यांनी सांगितलं. रेडिओचा जुना हॉल जाणार होता. तिथं ऑफिसं होणार होती. वाद्यवृंदातले उरलेसुरले लोक, आणि जे गेले त्यांच्या जागी त्यांचे शागीर्द, असे एक संध्याकाळ त्या हॉलमधे जुन्या चाली वाजवणार होते. संचालक आता नव्हते, वाद्यवृंद चालवायची त्यांची काठी काकांच्याच हातात आली होती.

आम्ही दोघं आत गेलो. सासऱ्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि मान हलवली.

"रेकॉर्डवर माझा हात चांगला आहे," ते म्हणाले. "लोकांच्या कानात तो हात आहे. त्याच्यावर हा दुसरा कशाला चढवायचा?"

"मग ती चाल गाळतो," काका म्हणाले.

"गाळता कशाला? ही वाजवेल."

मी उडालेच. "बाबा, मला सुरातलं ओ की ठो कळत नाही."

"सुराचं काम बघायला तिथं वीस माणसं आहेत. तुला कात्री चालवायची आहे. रोज चालवतेस तशी."

"तुम्ही माझी कात्री बघितल्याला किती दिवस झाले?"

"बघितली नाही. ऐकतो की." त्यांनी ज्या भिंतीला टेकले होते तिच्यावर बोटानं टकटक केलं. "काल दुपारी एकाच्या मानेपाशी थांबलीस. का?"

"त्याला तिथं भोवरा होता."

"असू दे. थांबायचं नाही. हवेत चालू ठेवायची."

मी चहा टाकायला म्हणून उठले आणि स्वयंपाकघरात भांडी आपटली. डोळे भरून आले की मी भांडी आपटते, हे घरात सगळ्यांना माहीत आहे. इतके दिवस मला वाटायचं, ते भिंतीकडे बघत बसतात. ते भिंतीतून ऐकत होते.

आता प्रश्न डोक्याचा. खाली डोकं नसेल तर हात चालत नाही, हा आजार मलाही लागला होता. मी आमच्या ह्यांच्याकडे बघितलं.

"त्या टुणटुण संगीतासाठी मी माझं डोकं देणार नाही," हे म्हणाले.

"मग जेवायला कुठे जाणार आहात, तेवढं सांगून ठेवा."

त्या दिवसापासून ह्यांनी केस वाढवले. डेपोत लोक विचारायचे, नाटकात काम करताय का. तालमीत कात्री केसांना नुसती चाटून जायची, खरं कापणं त्या संध्याकाळसाठी राखून ठेवलं होतं. कात्री जमली. काका म्हणाले, डोळे मिटले की तेच मास्तर. पण फट् जमेना. मी झटकलं की ओलं फडकं आपटल्यासारखा आवाज यायचा. काकांनी दोन-तीनदा ऐकलं आणि हळूच म्हणाले, "राहू दे. तिथं ड्रमवाल्याला एक थाप मारायला सांगतो."

रात्री जेवताना मी ते सांगितलं. सासऱ्यांचा घास हातातच राहिला.

"कापडाच्या जागी ड्रम?"

"मग तुम्ही या आणि झटका."

"एवढ्या लोकांसमोर? हा हात घेऊन?" ते ताटाकडे बघत राहिले. "नाही, सूनबाई."

हात धुवायला उठताना म्हणाले, "मनगटातून नाही गं. खांद्यातून." मी खांद्यातूनही करून पाहिलं. नाही जमलं.

कार्यक्रमाच्या दिवशी सकाळी मी उठले तर आमचं पांढरं कापड दोरीवर वाळत होतं. त्यांनी धुऊन त्याला खळ दिली होती. मी विचारलं, कशाला? म्हणाले, "मळलं होतं."

हॉल जुना, लाकडी भिंतींचा. रेकॉर्डिंग चालू असताना दारावर पेटायचा तो लाल दिवा अजून होता, फक्त आता पेटत नव्हता. आलेल्यांत पिकल्या केसांची माणसं जास्त. आमची पाळी येईपर्यंत मी लोकांतच बसले होते. शेजारची एक बाई नवऱ्याला विचारत होती, किटली आहे ना रे, नक्की आहे ना? किटली वाजली तेव्हा ती बाई मुकाट्यानं रडत होती, आणि नवरा कानातलं यंत्र नीट बसवत होता. जिन्यावरचा पियानो खाली आला तेव्हा सगळा हॉल त्याच्याबरोबर पायरी-पायरीनं डोकं हलवत होता. ती माणसं कुठल्या कुठल्या स्वयंपाकघरांत, कामांत, कोणाकोणाच्या शेजारी बसून हे ऐकायची, ते सगळं त्या दिवशी बरोबर घेऊन आली होती. मला माझ्या पहिल्या रागाची लाज वाटली नाही. फक्त तो राग आता कुठे सापडेना.

आमची पाळी आली तेव्हा, नुसतं ऐकायला म्हणून बरोबर आलेले सासरे पडद्याच्या बाजूला माझी कात्रीची पेटी धरून उभे होते. मी घेते म्हटलं तर म्हणाले, "तू हात हलका ठेव." ह्यांना खुर्चीत बसवलं. मी कापड बांधलं. काकांनी काठी उचलली.

ट्रॉम्बोनच्या पावलांनी घाईतलं गिऱ्हाईक आत आलं. व्हायोलिन घड्याळ बघायला लागली. माझा अंगठा सुटला, आणि मग मला फक्त ह्यांचं डोकं दिसत होतं. भोवऱ्याशीही मी थांबले नाही. कधी शेवट आला ते कळलंच नाही. वाद्यं थांबली, ती शांतता आली. ड्रमवाल्यानं हात उचलला, आणि काकांनी त्याला डोळ्यांनीच थांबवलं. ते माझ्या मागे बघत होते.

ह्यांच्या मानेमागच्या गाठीवर दोन हात आले होते. उजवा थरथरत होता.

गाठ सुटेना. मी ती रोजच्या सवयीनं घट्ट मारली होती. बोटं तिच्यावरून घसरत होती, पुन्हा येत होती. रेकॉर्डवर हा क्षणभराचा वेळ आहे. इथं तो लांबत गेला. ती चाल पाठ असलेल्या माणसांनी भरलेल्या हॉलला कळत होतं की फट् यायला हवा होता आणि आलेला नाही. कोणी खोकलंही नाही. काकांची काठी वरच होती. मला ती गाठ एका झटक्यात सोडता आली असती. माझा हात पुढे गेला आणि मी तो मागे घेतला. ह्यांनी मागे वळून बघितलं नाही. बापाचे हात आहेत हे त्यांना मानेवरच कळलं असणार. त्यांनी मान थोडी आणखी खाली वाकवली, लहान मूल वाकवतं तशी.

गाठ सुटली. सासरे दोन पावलं मागे सरकले.

फट्.

शेवटचा सूर वाजला. ह्यांचे दोन महिन्यांचे केस उडून काकांच्या काळ्या कोटावर बसले होते. लोक उभे राहिले होते. सासऱ्यांनी तोंड उघडलं, आणि काकांनी हसत हसत, जुन्या संचालकांसारखं, ओठांवर बोट ठेवलं. शब्द याही खेपेला आतच राहिला.

घरी येताना ते एवढंच म्हणाले, "गाठ फार घट्ट मारतेस."

दुसऱ्या दिवशी सकाळी मी दुकान उघडलं. बाक भरलेला होता, सगळ्यांना हकिकत ऐकायची होती. मागचं दार मात्र बंदच होतं. मी मनाला समजावलं की एक संध्याकाळ मिळाली, तीही काही थोडी नाही. पहिल्या गिऱ्हाइकाला बसवलं, कापड बांधलं, कापायला लागले. कात्री हवेतसुद्धा थांबू दिली नाही. भिंतीपलीकडे कान आहेत हे आता मला माहीत होतं.

केस पूर्ण झाले. मी कंगवा खाली ठेवला, आणि मागचं दार वाजलं. सासरे इस्त्रीचा शर्ट घालून आत आले, कोणाकडेही न बघता खुर्चीमागे उभे राहिले आणि गाठीला हात घातला. ती पहिल्याच ओढीला सुटली. ते येतील की नाही हे मला माहीत नव्हतं, तरी मी ती सैल बांधून ठेवली होती. त्यांनी आरशातून माझ्याकडे एकदा बघितलं, दोन पावलं मागे सरकले आणि कापड झटकलं.

"चला," ते म्हणाले, "पुढचे."